झिजायचं कोणी?

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाबाहेरच्या डोंगरावर काही तरुण जाड टायरांच्या जुनाट सायकली घेऊन जमले. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता तिथून खाली उतरतो. साधारण तीन किलोमीटर अंतर आणि त्यात सुमारे ४०० मीटरचा उतार. एकेकाने घड्याळ लावून खाली सुटायचं, ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला, इतकेच नियम.

सायकली १९३०-४०च्या दशकांतल्या, श्विनसारख्या कंपन्यांनी मुलांसाठी बनवलेल्या, कुणाच्या तरी अडगळीतून उचलून आणलेल्या. वजन वीस किलोच्या आसपास. ब्रेक मागच्या हबच्या पोटात: पायडल उलटं दाबलं की आतला भाग फाकून हबच्या भिंतीवर घासायचा. गावातल्या सपाट रस्त्यावर हा ब्रेक वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. या उतारावर मात्र हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पायथ्याशी पोचेपर्यंत हब आतून कोरडा ठणठणीत व्हायचा. पुन्हा उतरायचं तर हब खोला, पुसा, छर्रे नव्या ग्रीसमध्ये बसवा. ग्रीस पुन्हा भरण्याच्या या कामावरूनच रस्त्याचं नाव ‘रिपॅक’ पडलं, आणि शर्यतीचंही. चार्ली केली या शर्यती भरवायचा. गॅरी फिशरने तिथे ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला.

माउंटन बाइकच्या पहिल्या गाजलेल्या शर्यतीला दुरुस्तीच्या एका कंटाळवाण्या, हात काळे करणाऱ्या कामाचं नाव मिळालं, हे मला फार आवडतं. त्या हबमध्ये काय घडत होतं त्याचा हिशेबही सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरलं, तर ४०० मीटर उतरताना साधारण साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. थोडी हवा खाते, थोडी टायर आणि रस्ता खातात. उरलेली सगळी मुठीत मावेल एवढ्या हबमध्ये उष्णता होऊन उतरायची. जळायचं ते ग्रीस. हब वाचायचा, छर्रे वाचायचे, सायकल वाचायची. चार आण्यांच्या मालाने चाळीस रुपयांचा माल राखला, अशी ही व्यवस्था. ती कुणी आखली नव्हती, आपोआप घडली होती. पुढच्या पन्नास वर्षांत तीच जाणूनबुजून आखली गेली. आजच्या माउंटन बाइककडे पाहताना ‘हा भाग किती भारी?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे झिजायचं कोणी ठरलं आहे?’ असं विचारलं, की देखभालीचं निम्मं कोडं सुटतं.

मधला इतिहास भराभर सांगतो. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी पहिली नवी चौकट घडवली. ती सायकल आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीच्या चौकटी घेऊन ‘माउंटनबाइक्स’ याच नावाची कंपनी काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ आली आणि दुकानात जाऊन सरळ विकत घेता येईल अशी माउंटन बाइक अनेकांना पहिल्यांदा दिसली. १९८९च्या सुमारास रॉकशॉक्सचा सस्पेन्शनचा चिमटा आला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. यात ब्रेकचा प्रवास पाहण्यासारखा आहे: हबमधून तो रिमवर गेला आणि रिमवरून डिस्कवर. रिमवर होता तेव्हा चिखलातली प्रत्येक फेरी रिमची भिंत खरवडायची, म्हणजे ब्रेक लावताना आपण चाकच झिजवत होतो. डिस्क आल्यावर झीज पॅडवर आणि एका चकतीवर गेली. दोन्ही काढता येतात, दोन्ही बदलता येतात.

ठरवून झिजणाऱ्या भागाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मागच्या डिरेलरजवळ, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळ, सापडतं. डिरेलर चौकटीला थेट जोडलेला नसतो. मध्ये अॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा असतो, हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली, डिरेलर दगडाला अडकला की हा तुकडा वाकतो किंवा मोडतो. मोडावा म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. नवखा स्वार सायकल उचलतो, सगळं शाबूत दिसतं म्हणून निघतो, आणि मग आठवडाभर गिअर नीट पडत नाहीत म्हणून केबल पिळत बसतो. केबलचा दोष नसतोच. मागे उभं राहून डिरेलरची दोन छोटी चाकं मागच्या दातेरी चक्रांच्या, म्हणजे कॅसेटच्या, सरळ रेषेत आहेत का, एवढं पाहिलं तरी वाकलेला हँगर डोळ्यांना कळतो. पूर्वी प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असायचा आणि सुटा मिळवताना नाकी नऊ यायचे. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सर्वांना वापरता येईल असा एकच नमुना आणला आणि बऱ्याच कंपन्यांनी तो उचलला. नवी सायकल घेताना हा हँगर आहे का, हे मी रंगाच्या आधी पाहीन.

आता चेन. सायकलच्या दुकानात ‘चेन ताणली आहे’ असं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की जोर लावून लावून पोलाद लांबलं. पोलाद लांबत नाही. चेनमध्ये साधारण ११६ ते १२६ कड्या असतात, प्रत्येक सांध्यात एक पिन, आणि पिनेभोवती फिरणारी बारीक कड. धूळ-पाणी तिथे शिरतं, पिन आणि कड एकमेकांना खातात आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते. या सगळ्या फटींची बेरीज म्हणजे ‘ताणलेली’ चेन. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतर असतं. चोवीस कड्यांचे बारा इंच. इंचांची पोलादी पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. चोविसाव्या कडीनंतरची पिन बाराच्या खुणेवर हवी. ती इंचाच्या सोळाव्या भागाने, म्हणजे दीड मिलिमीटरने पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का वाढली. अकरा-बारा गिअरांच्या सायकलीला चेन बदलायची वेळ हीच. जुन्या आठ-नऊ गिअरांच्या जाड चेनला पाऊण टक्क्यापर्यंत सवलत द्यायला हरकत नाही.

दीड मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला? कारण वाढलेली चेन दातांच्या खोबणीत नीट बसत नाही. ती दातावर चढून बसते आणि सगळा भार एकदोन दातांवर टाकते. दात एका अंगाने खाल्ले जातात, टोकदार होतात. एकदा कॅसेट अशी घासली गेली की नवी चेन तिच्यावर चालत नाही, जोर लावला की उडते. मग चेनबरोबर कॅसेट, आणि उशीर फारच झाला असेल तर पुढची, पायडलजवळची चेनरिंगही. कॅसेट चेनच्या कित्येक पट महाग. म्हणून चेन वेळेत फेकणं हीच काटकसर, आणि ‘अजून चालतेय की’ म्हणून वापरत राहणं ही उधळपट्टी.

चेनला मारते ती तेलाबरोबर आत जाणारी रेती. बाहेरून काळी, चकचकीत, तेलाने माखलेली चेन पाहून पुष्कळांना समाधान वाटतं. त्या काळ्या थरात बोट घासून बघा, कचकच लागते. तेल आणि बारीक वाळू यांचं मिश्रण म्हणजे गॅरेजवाले व्हाल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्टच. तेल लागतं रोलरच्या आत, बाहेर त्याचं काहीच काम नाही. म्हणून आधी जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवायचं, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. दहा मिनिटं थांबून, तेल आत मुरलं की पुन्हा पुसायचं, या वेळी जास्त जोरात. पुसण्याचं काम तेल घालण्याहून मोठं आहे. आपल्याकडच्या दुकानांतलं ‘ओव्हरऑइलिंग’ नेमकं उलटं शिकवतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा घराघरात असतो आणि चेनवर पहिला फवारा त्याचाच पडतो. १९५३ मध्ये ते तयार झालं पाणी हटवण्यासाठी. ओली चेन वाळवायला उत्तम, पण वंगण म्हणून ते एका फेरीतच उडून जातं. आणि त्या फवाऱ्याचे तुषार डिस्कवर बसले, तर पुढचं दुखणं वेगळंच.

चेनचं गणित डोक्यात बसलं की भागांची निवडही सोपी होते. गेल्या पंधरा वर्षांतला मोठा बदल म्हणजे पुढे एकच चेनरिंग. २०१२ मध्ये स्रॅमने मागे अकरा चक्रं आणि पुढे एक अशी रचना बाजारात आणली. चेनरिंगचे दात एक जाड, एक बारीक असे आळीपाळीने घडवले, म्हणजे चेन उडून पडत नाही. २०१६ मध्ये मागची चक्रं बारा झाली. पुढचा डिरेलर गेला आणि त्याच्याबरोबर चिखल साठायची एक हक्काची जागाही गेली. नफा मोठा आहे. किंमत अशी, की मागच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चक्रावर चेन तिरकी चालते आणि तिरकी चेन लवकर झिजते.

इथे मी थोडा हट्टी आहे. वरच्या श्रेणीतल्या कॅसेटमध्ये वजन वाचवायला मोठी चक्रं अॅल्युमिनियमची, काही टायटॅनियमची असतात. दुकानदार ती हातात देतो, हलकी लागते, मन भुलतं. पण चढावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ त्याच मोठ्या चक्रांवर असता, आणि अॅल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ. शिमानोच्या मधल्या ‘डिओरे’ श्रेणीची मुख्यतः पोलादी कॅसेट जड आहे, स्वस्त आहे आणि चिखलात जास्त टिकते. पैसे खर्चायचे तर टायरवर, ब्रेकवर, पुढच्या चिमट्यावर. सायकल जमिनीला धरून राहते ती यांच्यामुळे. चेन, कॅसेट, डिरेलर हे झिजायला आणि आपटायलाच आहेत, तिथे मधली श्रेणी पुरे. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

ब्रेक पॅडमध्येही हाच सौदा आहे. रेझिनचे पॅड गप्प असतात, पहिल्या दाबापासून पकडतात, पण ओल्या वाळूत साबणाच्या वडीसारखे विरघळतात. पावसाळी मातीतल्या एका लांब फेरीत संपूर्ण जोडी गेलेली स्वार सांगतात. धातूचे पॅड किंचाळतात, गरम व्हायला वेळ घेतात आणि टिकतात. चिखलाच्या मोसमात धातूचे, कोरड्यात रेझिनचे, अशी अदलाबदल करणं काही अवघड नाही. फक्त आधी चकतीवर कोरलेली बारीक अक्षरं वाचा. शिमानोच्या काही स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना इंग्रजीत छापलेली असते. धातूच्या पॅडपुढे ती चकती मऊ पडते, म्हणजे झिजायचं ज्याने त्याच्याऐवजी भलतंच झिजतं. त्याच चकतीवर कमीत कमी जाडीचा आकडाही असतो: नवी १.८ मिलिमीटर, १.५ झाली की बदला. मधोमध बोट फिरवल्यावर काठाशी पायरी लागली, की व्हर्निअर काढायची वेळ झाली.

पॅडवर तेल बसलं तर तो पॅड गेला. घासून, भाजून, उन्हात ठेवून तो परत येतो असं सांगणारे खूप भेटतात. चकती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाचते, पॅड मात्र सच्छिद्र असतो, आत शिरलेलं तेल पुन्हा पुन्हा वर येतं. आणखी एक सवय लावून घ्यावी: चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर ओढू नये. मध्ये चकती नसल्यामुळे पिस्टन बाहेर सरकतात आणि मग चाक परत बसत नाही. गाडीतून सायकल नेताना मागे बसलेली मुलं हा प्रयोग हमखास करतात. पॅडच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा खोचला की काम भागतं.

नळीतल्या द्रवाचे दोन पंथ आहेत. शिमानो खनिज तेल वापरते. स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये मोटारीतला डॉट द्रव असतो. डॉट हवेतलं पाणी शोषून घेतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू हळूहळू खाली येतो. म्हणून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. खनिज तेल पाणी शोषत नाही, पण कुठून पाणी शिरलंच तर ते वेगळं राहून तळाशी, म्हणजे नेमकं चकतीजवळच्या कॅलिपरच्या गरम जागी जाऊन बसतं. दोन्ही एकमेकांत कधीही मिसळू नयेत. चुकीच्या द्रवाने आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेकच बदलावा लागतो. बरेच महिने उभ्या राहिलेल्या सायकलीचा लिव्हर हँडलला टेकत असेल, तर चारपाच वेळा पंप करून तो कडक होतो आणि माणूस निर्धास्त निघतो. आत हवा शिरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लांब उतारावर तोच लिव्हर पुन्हा हँडलला टेकणार.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांभोवती धूळ पुसणारे रबरी ओठ असतात, त्यांच्याखाली तेलात भिजलेल्या स्पंजच्या कड्या. घाण अडवायची आणि मरायचं हे त्यांचं काम. रॉकशॉक्स दर ५० तासांनी खालचे पाय उतरवून तेल बदलायला सांगते. हे लोकांना अति वाटतं, पण चिमटा हजारोंचा आणि तेल काही मिलिलिटर. तेवढं टाळलं की घाण नळीच्या लेपावर चरे पाडते, आणि नळी बदलणं तेलाच्या कित्येक पट महाग पडतं.

आता मोसमाकडे वळू. वर सांगितलेल्या प्रत्येक भागाची परीक्षा वर्षातून एकदा एकदम होते, जमीन ओली असते तेव्हा. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट राज्यात निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत, आणि तिथे हिवाळा व वसंत यांच्यामध्ये एक वेगळाच ऋतू मानतात, चिखलाचा. बर्फ वितळलं, ऊन पडलं, हवा सुरेख झाली, आणि नेमकं तेव्हाच जंगलातल्या पायवाटांवर जाऊ नका अशा पाट्या लागतात. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं.

कारण जमिनीखाली आहे. हिवाळ्यात माती वरून खाली गोठत जाते, आणि गोठताना खालच्या थरातलं पाणी केशाकर्षणाने वर ओढून घेते. मातीत बर्फाच्या चकत्या तयार होतात. वसंतात ऊब वरून येते, म्हणून वितळणंही वरून सुरू होतं. वरची वीतभर माती सुटलेली, पाण्याने तट्ट भरलेली, आणि तिच्याखाली अजून दगडासारखा गोठलेला थर. पाण्याला खाली जायला वाट नाही. बारीक गाळाची माती असेल तर टायर थेट त्या गोठलेल्या तळापर्यंत रुततो. चर पडतो. पुढच्या पावसात तोच चर ओहोळ होतो आणि वाटेची माती घेऊन खाली जातो. उत्तरेकडच्या उतारांवर, सदाहरित झाडांच्या सावलीत हे आणखी काही आठवडे चालतं. दक्षिण उतार आणि वाळूच्या जमिनीतली पाइनची रानं आधी मोकळी होतात. वाट खऱ्या अर्थाने कोरडी होते ती झाडांना पालवी फुटल्यावर. पानं आली की मुळं जमिनीतलं पाणी ओढू लागतात, आणि चारदोन आठवड्यांत जंगलाची जमीन बदलून जाते. तिथले जाणते स्वार पंचांगापेक्षा मॅपलची पालवी पाहतात.

घाई असणाऱ्यांसाठी एक पळवाट आहे. रात्री पारा शून्याखाली गेला की पहाटे तोच चिखल पुन्हा कडक होतो. त्या दोनतीन तासांत चालवायचं आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं. पण अशा वेळी टायरमधली हवाही आकसते. वीस अंशांच्या खोलीत २५ पीएसआय भरलेला टायर शून्य अंशाच्या वाटेवर साधारण २२ दाखवतो. चिमट्यात ८० भरलेले असतील तर ७४च्या खाली उतरतात. सायकल आज अचानक मऊ का लागते आहे, पंक्चर आहे की काय, असं वाटू लागतं. हवा भरायची ती बाहेर, सायकल पुरेशी गार झाल्यावर.

ट्यूबलेस टायरमधला, भोकं बुजवणारा द्रव हिवाळाभरात वाळून गेलेला असतो. तो बहुतेक नैसर्गिक रबराच्या चिकापासून केलेला, दोन ते सहा महिने टिकणारा. चाक कानाजवळ धरून हलवा. खळखळ ऐकू आली तर ठीक. काहीच ऐकू आलं नाही तर टायर उघडा, आत पापुद्रे आणि एखादा रबराचा गोळा सापडेल. ते काढून टाका, नवा द्रव ओता. हिवाळ्यानंतरच्या तपासणीतलं हे सर्वांत स्वस्त काम, आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारंही.

व्हरमाँटच्या ईस्ट बर्क गावाभोवती ‘किंगडम ट्रेल्स’ नावाचं वाटांचं जाळं आहे, १०० मैलांहून मोठं. वाटा जवळपास सगळ्या खासगी जमिनींतून जातात; सुमारे शंभर जमीनमालकांनी आपल्या शेतांतून, रानांतून लोकांना फुकट जाऊ दिलं म्हणून त्या आहेत. २०१९च्या शेवटी त्यातल्या तिघांनी सायकलींना मनाई केली आणि जाळ्याच्या मधल्या काही लाडक्या वाटा एका दिवसात बंद झाल्या. गर्दी आणि स्वारांची वागणूक, ही त्यामागची तक्रार. आपण चेनची किंमत पाहतो, कॅसेटची पाहतो; वाटेला किमतीची चिठ्ठी लावलेली नसते. ओल्या मोसमात या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत मऊ भाग वाटच असते, आणि तिला सुटा भाग मिळत नाही. म्हणून तिथला संकेत साधा आहे: टायरमागे ठसा उरत असेल तर मागे फिरा. वाटेत डबकं आडवं आलं तर त्याच्या मधून जा, कडेने नको. कडेने गेलं की वाट रुंदावते, पुढच्याला आणखी कडेने जावं लागतं.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण मोसमाची सुरुवात आपल्याकडेही ओलीच असते. फक्त ती ऑक्टोबरात येते. इथे पालवीचा भरवसा नाही, मातीचा रंग पाहायचा. बेसॉल्ट कुजून झालेला मुरूम पाणी पटकन सोडतो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत मुरमाच्या वाटेवर टायर छान धरतो. काळी माती वेगळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सोडताना भेगाळते. मधल्या अवस्थेत ती टायरला थरावर थर चढवत जाते, चिमट्यात ठासते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा ठिकाणी रुंद टायरचा उपयोग नाही. जरा अरुंद, उंच आणि विरळ गुट्ट्यांचा टायर माती झटकतो. खरं तर काळ्या रानात त्या दिवसांत जाऊच नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्रश्न शेवाळाचा. दगड कोरडा दिसतो, सावलीतला नसतो. कासच्या पठारावर तर रस्ता सोडून चाक घालायचं नाही. त्या पातळ मातीच्या थरातच फुलांचं सगळं बियाणं असतं.

पावसाळाभर पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या सायकलीची आपल्याकडची खास व्याधी म्हणजे सीटची दांडी. पोलादी चौकटीत अॅल्युमिनियमची दांडी असेल आणि मध्ये ओल शिरली, तर दोन धातू मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते, गंज धरतो आणि दांडी कायमची चिकटते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं. जूनच्या आधी दांडी बाहेर काढून पुसून ग्रीस लावून ठेवली की ऑक्टोबरात घण शोधावा लागत नाही. धुताना बादली आणि ब्रश वापरा. सर्व्हिस सेंटरचा जोरकस फवारा माती उडवतो खरा, पण पाणी सीलच्या आत बेअरिंगपर्यंत ढकलतो, आणि ते बाहेर यायला तिथे वाट नसते. धुऊन झाल्यावर पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा. हँडलखाली ठकठक जाणवली तर हेडसेट सैल आहे. मग पुढचं चाक वीतभर उचलून सोडा. टायरचा आवाज सोडून दुसरं काही खुळखुळलं, तर ते शोधल्याशिवाय घाटात जाऊ नका.

राहता राहिली बाभूळ. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात तिच्या काट्याच्या फांद्या लपलेल्या असतात, आणि शेताच्या बांधावर तर कुंपणालाच घातलेल्या. ट्यूब असेल तर पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसला तर तो तिथेच उपटायचा मोह होतो. उपटू नका. काट्याभोवती द्रवाने आतून भोक जवळजवळ बुजवलेलं असतं. तसंच चालवत घरी या, चाक फिरवून काटा खालच्या बाजूला आणा, म्हणजे द्रव त्याच्यावर साठेल. मग पक्कडीने तो सरळ ओढा आणि चाक लगेच दोनचार वेळा फिरवा. थोडी हवा जाईल, दुधाळ थेंब बाहेर येईल आणि थांबेल. थांबला नाही तर भोक मोठं आहे. तिथे रबराची वात बसवावी लागते.